हजार घोडे आणि एक नोटरी

कॉर्व्हेट झेडआर १ ही जनरल मोटर्सची अमेरिकन गाडी १०६४ अश्वशक्तीची आहे आणि ती ताशी ३७५ किलोमीटर पळते, हे तिच्या निर्मात्यांनी मोजून सिद्ध केलं आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात हीच गाडी जर्मनीतल्या न्यूरबर्गरिंगच्या डोंगराळ ट्रॅकवर उतरली. वीस किलोमीटर आणि वर ८३२ मीटरची ती फेरी तिने ६ मिनिटं ५०.७६३ सेकंदांत पुरी केली आणि गाडीवेड्यांनी जगभर टाळ्या वाजवल्या. पाढे येणाऱ्या माणसाने टाळ्या जरा थांबवून इथे एक भागाकार करावा. उत्तर येतं ताशी साधारण १८३ किलोमीटर. म्हणजे पावणेदोन लाख डॉलर, आपले दीडेक कोटी रुपये मोजून घेतलेली गाडी, कंपनीच्या सर्वांत तयार हातांनी, ट्रॅक पूर्ण मोकळा करून, जीव तोडून पळवली. आणि ती पळाली स्वतःच्या ऐपतीच्या निम्म्याहून कमी वेगाने. यालाच पराक्रम म्हणतात. माझं म्हणणं असं, की तो पराक्रम खराच आहे, पण तो तलवारीचा नाही, दौतलेखणीचा आहे. सुपरकार ट्रॅकवर वेगाने चालवणं हा मुळात कारकुनी पेशा आहे, आणि जो ते विसरतो त्याचं नाव विक्रमांच्या यादीत न येता दुरुस्तीच्या बिलावर येतं.

उरलेले निम्मे घोडे जातात कुठे, ते आधी बघू. न्यूरबर्गरिंगच्या या जुन्या भागाला, म्हणजे नॉर्डश्लाइफला, सत्तरहून अधिक वळणं आहेत आणि सर्वांत खालच्या व सर्वांत वरच्या बिंदूंत सुमारे तीनशे मीटरचा फरक आहे. गाडी जमिनीला टेकते ती चार टायरांच्या चार ठिपक्यांपुरती, आणि एकेक ठिपका तळहाताहून फार मोठा नसतो. या चार ठिपक्यांकडे पकडीचं एक ठरावीक अंदाजपत्रक असतं. ते ब्रेक लावण्यावर खर्च करा, वळण्यावर करा किंवा वेग वाढवण्यावर करा. एका खात्यावर सगळं उधळलं तर बाकीच्या खात्यांत खडखडाट. पूर्ण जोरात ब्रेक दाबलेला असताना स्टिअरिंग जोरात फिरवलं, तर गाडी वळायला साफ नकार देते, कारण तिच्याकडे त्यासाठी शिल्लकच नसते. म्हणून तयार चालक सरळ रस्त्यावरच ब्रेक कचकचून लावतो, वळणात शिरताना पाय जसजसा सोडतो तसतसं स्टिअरिंग फिरवतो, वळणाचा आतला कोपरा शिवला की स्टिअरिंग उलगडत नेतो आणि ते जेवढं सरळ होईल तेवढाच उजवा पाय खाली नेतो. स्टिअरिंग आणि पायाचा अंगठा एकाच दोरीने बांधलेत असं समजा, असं तिकडचे शिक्षक नवशिक्यांना सांगतात. या सगळ्यात पूर्ण १०६४ घोडे मोकळे सुटतात ते फक्त दोरी सैल असताना, म्हणजे सरळ पट्ट्यांवर. बाकीचा वेळ त्यांना तबेल्यात थोपवून धरण्यात जातो.

बरं, वेगाचं ओझं वेगाच्या वर्गाने वाढतं. ताशी ३०० ने जाणाऱ्या गाडीच्या अंगात ताशी १०० ने जाणाऱ्या गाडीच्या नऊपट ऊर्जा असते, आणि वळण आलं की ती सगळी ब्रेकच्या चकत्यांनी उष्णता म्हणून गिळायची असते. त्यामुळे या गाड्या बनवणाऱ्यांचा निम्मा जीव थांबवण्यात अडकलेला असतो. झेडआर १ च्या वर कंपनीने झेडआर १ एक्स नावाची १२५० अश्वशक्तीची गाडी काढली. तिला साडेसोळा इंच व्यासाच्या कार्बन सिरॅमिक चकत्या आहेत आणि पुढच्या प्रत्येक चाकाच्या ब्रेकमध्ये दहा-दहा पिस्टन. न्यूरबर्गरिंगच्या चाचण्यांत ब्रेक लावताना ती गुरुत्वाकर्षणाच्या १.९ पट जोराने मंदावली, असं कंपनी सांगते. म्हणजे चालकाला पट्टे नसते तर तो काचेतून गाडीच्या आधी वळणावर पोचला असता. जाहिरातीत मात्र धूर, डरकाळी आणि क्षितिजाकडे झेपावणारं नाक एवढंच दाखवतात. ब्रेक दाबणारा पाय दाखवून कोणाला काय विकणार?

आता पुरावा. कंपनीने त्याच उन्हाळ्यात तीन कॉर्व्हेट त्याच ट्रॅकवर पळवल्या. ६७० अश्वशक्तीच्या झेड ०६ ला लागली ७ मिनिटं ११.८२६ सेकंद. झेडआर १ चा आकडा वर आलाच आहे. आणि झेडआर १ एक्सला लागली ६ मिनिटं ४९.२७५ सेकंद. म्हणजे पहिल्या ३९४ जादा घोड्यांनी सात मिनिटांतली एकवीस सेकंद वाचवली. त्यावरच्या १८६ घोड्यांनी, जे पुढच्या चाकांना विजेच्या मोटरीने जोडलेले आहेत, वाचवली फक्त दीड सेकंद. आता शेजारच्या घरात डोकावू. फोर्डची मस्टँग जीटीडी ही ८१५ अश्वशक्तीची गाडी २०२४ मध्ये डिर्क म्युलर या व्यावसायिक जर्मन चालकाने याच ट्रॅकवर ६ मिनिटं ५७.६८५ सेकंदांत फिरवली. सात मिनिटांच्या आत येणारी ती पहिली अमेरिकन कंपनीची गाडी. फोर्डचं तेवढ्याने समाधान झालं नाही. त्यांनी गाडी परत नेली, सस्पेन्शन, हवेचा दाब घेणारे पंख, अशा बारीकसारीक गोष्टींत पुन्हा हात घातला, आणि पुढच्या वर्षी तीच फेरी ६ मिनिटं ५२.०७२ सेकंदांत आणली. साडेपाच सेकंद! घोड्यांचा कळप होता तेवढाच, फक्त स्क्रू पिळले, पाने फिरवले आणि वह्या भरल्या. १८६ घोड्यांना जे जमलं त्याच्या तिपटीहून अधिक काम पान्याने केलं.

यावर जाणकार म्हणेल, ही तुलना सरळ नाही. चालक वेगळे, दिवस वेगळा, टायर तापण्याची तऱ्हा वेगळी. झेडआर १ एक्स विजेच्या मोटरीमुळे वजनदारही झाली. आणि झेड ०६ ते झेडआर १ मधला फरक नुसत्या इंजिनाचा नाही, पंखांचाही आहे. सगळं मान्य. पण या आक्षेपात माझाच मुद्दा लपलेला आहे हे जाणकाराच्या लक्षात आलेलं दिसत नाही. फेरीची वेळ ठरवणाऱ्या गोष्टींची यादी करायला बसल्यावर तो स्वतःच वजन, हवामान, टायरांचं तापमान, पंखांचा कोन अशी खतावणी मांडू लागला, आणि हिंमत हा रकाना त्याला सुचलाही नाही. शिवाय त्या तीन कॉर्व्हेट चालवणारे तिघेही शर्यतींचे नामांकित वीर नव्हते. ते कंपनीचे पगारी इंजिनियर होते. आठवडाभर गाडीच्या आकडेवारीवर काम करायचं आणि मग त्याच गाडीत बसून अमेरिकन विक्रम मोडायचा, अशी त्यांची नोकरी. हे वाचून आपल्याकडच्या किती इंजिनियरांचा जळफळाट झाला असेल ते निराळं, पण कंपनीला फेरीसाठी शूर माणूस हवा असता तर तो भाड्याने सहज मिळाला असता. तिने आपल्याच खात्यातला माणूस बसवला.

आणि विक्रम झाला हे ठरवणार कोण? इथे मराठी वाचकाला एकदम घरी आल्यासारखं वाटेल. न्यूरबर्गरिंगवर अधिकृत विक्रम नोंदवायचा तर नोटरी लागतो. होय, तोच. शिक्का मारणारा. गाडी खरंच दुकानात मिळते तशीच आहे का, सुरक्षेसाठी बसवलेल्या शर्यतीच्या खुर्चीखेरीज काही चोरून बदललं तर नाही ना, हे पाहून तो कायदेशीर दाखला देतो. ट्रॅकभोवतीच्या आयफेलच्या जंगलात धुकं उतरलेलं, १२५० घोडे फुरफुरताहेत, हेल्मेटधारी इंजिनियर श्वास रोखून बसलेला, आणि बाजूला एक सद्गृहस्थ कागद चाळतोय. फेरी नेमकी किती लांबीची धरायची यावरही एक वाद होऊन गेला. पूर्वी बऱ्याच कंपन्या २०.६ किलोमीटर मोजायच्या, कारण मुख्य स्टँडजवळचा एक छोटा तुकडा त्यातून सुटायचा. २०१९ मध्ये नियम झाला की पुरी २०.८३२ किलोमीटर मोजली तरच अधिकृत. हे दोनएकशे मीटर पार करायला चारपाच सेकंद लागतात, आणि विक्रम तुटतात ते एकदोन सेकंदांनी. त्यामुळे जुने आणि नवे आकडे शेजारी मांडताना आजही गाडीवेड्यांची जी भांडणं होतात, ती शेताच्या बांधावरून होणाऱ्या भांडणांपेक्षा कमी कडाक्याची नसतात.

कागदोपत्री व्यवहार ट्रॅकवर पोचण्याआधीच सुरू होतो. मस्टँग जीटीडीची किंमत सव्वातीन लाख डॉलरच्या घरात. पण खिशात पैसे असणं ही पात्रता नव्हे. आधी अर्ज करायचा. आपण कोण, गाडी का हवी, तिचं काय करणार, हे कंपनीला पटवायचं. त्याआधी २०१६ मध्ये फोर्ड जीटी या गाडीच्या पहिल्या पाचशे नगांसाठी साडेसहा हजारांवर पूर्ण भरलेले अर्ज आले होते. ज्यांना गाडी मिळाली त्यांनी ती दोन वर्षं विकायची नाही, असा करार. या करारात एक बडा मासा अडकला. आपल्याकडच्या पोराटोरांनाही तोंडपाठ असलेला कुस्तीगीर आणि नट जॉन सीना याला गाडी मिळाली आणि त्याने ती काही आठवड्यांतच विकून टाकली. फोर्डने २०१७ मध्ये त्याच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी तडजोड होऊन रक्कम धर्मादाय कामाला गेली. आखाड्यात दीडशे किलोच्या माणसांना डोक्यावर उचलून आपटणारा गडी कराराच्या एका कलमाखाली सापडला. मग ६४७ अश्वशक्ती कोणाच्या बाजूने उभी राहिली म्हणायची?

समजा अर्ज मंजूर झाला, गाडी आली, आणि मालक ट्रॅकवर गेला. अमेरिकेत हौशी मालकांसाठी ट्रॅकचे दिवस भरवणाऱ्या अनेक संस्था आहेत. त्यातल्या एकीचं नाव आहे नासा, म्हणजे नॅशनल ऑटो स्पोर्ट असोसिएशन. चंद्राशी तिचा संबंध नाही, तिथलं शिक्षण मात्र जवळपास तेवढंच कडक. सकाळी गाडीची तपासणी. चाकांचे नट ठरलेल्या ताकदीने आवळलेत का, ब्रेकचं तेल ताजं आहे का, हेल्मेटवर मान्यतेचा शिक्का आहे का, गाडीत एखादी पाण्याची बाटली सुटी तर पडली नाही ना, कारण नेमकी तीच बाटली वळणावर घरंगळत ब्रेकच्या पेडलखाली जाऊन बसते. मग वर्ग. फळा, झेंड्यांचे अर्थ, प्रश्नोत्तरं. मग शेजारच्या सीटवर शिक्षक. आणि नवशिक्यांच्या गटात ओव्हरटेक करायचं ते ठरवून दिलेल्या पट्ट्यावर, आणि तेसुद्धा पुढच्या चालकाने हात बाहेर काढून कोणत्या बाजूने जायचं ते दाखवलं तरच. पुढच्याने हात काढला नाही तर हजार घोड्यांच्या मालकाने जुन्या माझदाच्या मागे मुकाट वळणं घ्यायची. हॉर्न वाजवण्याची सोयच नाही. लायसन्स काढताना हात बाहेर काढून दाखवले तेवढेच, असं ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना पृथ्वीतलावर हाताच्या इशाऱ्याचा इतका मान राखणारी जागा उरली आहे आणि ती शर्यतीचा ट्रॅक आहे, हे पटायला वेळ लागेल. कॅलिफोर्नियातल्या लागुना सेका ट्रॅकवर तर बऱ्याच दिवशी आवाजाची मर्यादा ९० डेसिबलच्या आसपास असते. गाडी त्याहून मोठ्याने ओरडली की काळा झेंडा, आणि परत या. शेजाऱ्यांची तक्रार आहे.

न्यूरबर्गरिंगची तऱ्हा आणखी गमतीची. ठरलेल्या दिवशी तिकीट काढून कोणीही आपली गाडी त्यावर नेऊ शकतो, पण त्या दिवशी तो ट्रॅक कायद्याने एकेरी टोलरस्ता मानला जातो. जर्मन वाहतुकीचे नियम लागू. उजवी बाजू धरून चालायचं, डावीकडूनच पुढे जायचं, आणि फेरीची वेळ मोजायला मनाई. जगातल्या सर्वांत प्रसिद्ध शर्यतीच्या रस्त्यावर स्टॉपवॉच लावणं हा गुन्हा! कठड्यावर गाडी घातलीत तर किती मीटर कठडा वाकला ते मोजून बिल येतं, गाडी ओढून नेण्याचं वेगळं, आणि तुमच्यामुळे ट्रॅक बंद ठेवावा लागला तर त्या वेळेचंही. विमा कंपनीची कलमं अशा वेळी एकाएकी फार स्पष्ट वाचता येऊ लागतात.

पण आता खरा आक्षेप. कारकुनी कारकुनी काय करता, माणसं मेली आहेत त्या ट्रॅकवर. शर्यतपटू जॅकी स्ट्युअर्टने त्याला हिरवा नरक म्हटलं ते उगाच नाही. ताशी २८० ने, पुढचं काही दिसत नसताना टेकाडावरून गाडी झोकायला काळीज लागतं, खतावणी नाही. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचं उत्तर एका माणसाने आधीच देऊन ठेवलं आहे. निकी लाउडा. १९७५ मध्ये फेरारीच्या फॉर्म्युला वन गाडीतून त्याने हीच फेरी, तेव्हा ती दोन किलोमीटरने लांब होती, सात मिनिटांच्या आत मारली. हे कोणाला आधी जमलं नव्हतं. म्हणजे काळजाचा प्रश्न नाही. त्याच लाउडाने पुढच्या वर्षी शर्यतीआधी इतर चालकांना सांगितलं, की हा ट्रॅक सुरक्षित नाही, आपण बहिष्कार घालू. मतदान झालं, तो हरला, शर्यत झाली, आणि दुसऱ्याच फेरीत त्याची गाडी पेटली. मरता मरता वाचला. सहा आठवड्यांत भाजलेल्या कातडीवर हेल्मेट चढवून मोंझाला शर्यतीत उतरला आणि चौथा आला. आणि मग, जगज्जेतेपद दोन बोटांवर असताना, जपानमधल्या फुजीच्या धुवाधार पावसात दोन फेऱ्या मारून त्याने गाडी आत आणली आणि उतरला. धोका हिशेबात बसत नाही, एवढंच. जगज्जेतेपद एका गुणाने गेलं. लोक त्याला संगणक म्हणायचे, आणि त्यात कौतुकाइतकीच चीडही असावी. काळीज लागतंच, पण या धंद्यातलं काळीज हे हिशेब पुरा झाल्यावर सही करण्याचं काळीज आहे. पेशवाईतलं उदाहरण हवं असेल तर पानिपतावर हत्तीवरून उतरून घोड्यावर चढलेल्या भाऊसाहेबांपेक्षा, पानिपतावरून जीव वाचवून परतलेले आणि पुढची चाळीस वर्षं दफ्तर सांभाळलेले नाना फडणवीस या जातकुळीला जवळचे.

ट्रॅकवर भीतीलाही तितकीच कडक शिक्षा आहे, हे आक्षेप घेणारे विसरतात. वळणाच्या मध्यात धडकी भरून चालकाने ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन काढला, की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात आणि शेपूट पुढे यायला निघतं. इंजिन मध्ये बसवलेल्या गाडीत हे फार झटपट होतं. म्हणजे बेधडक शिरणारा जातो, आणि कच खाणारा त्याच्या मागोमाग जातो. भिंतीकडेच बघत राहिलं तर गाडीही तिकडेच जाते; नजर जिथे जायचं तिथे ठेवावी लागते. ही सगळी मनाची शिस्त आहे आणि ती सरावाने, वारंवार त्याच वळणावर त्याच जागी ब्रेक दाबून, कंटाळा येईपर्यंत अंगी बाणवावी लागते. कंटाळा हा इथला मुख्य कच्चा माल.

दुसरा आक्षेप युरोपभक्तांचा. अमेरिकन गाडीला कसली शिस्त? तिला सरळ पळता येतं, वळण आलं की कुंपणात. एके काळी यात तथ्य होतं, नाही म्हणणं अवघड आहे. १९९२ ची डॉज वायपर पाहा. आठ लिटरचं दहा सिलिंडरचं इंजिन, ४०० अश्वशक्ती. एअरबॅग नाही, एबीएस नाही, दाराला बाहेरून कडी नाही, आणि धुराड्याचा पाइप दाराखालूनच गेलेला, म्हणजे उतरताना पोटरीला चटका. ही गाडी चालवणाऱ्याला कंपनीने कागदपत्रं सोडून बाकी काही दिलं नव्हतं. पण हीच वायपर पंचवीस वर्षांनी ८.४ लिटर आणि ६४५ अश्वशक्तीची होऊन, अंगावर प्रचंड पंख लावून न्यूरबर्गरिंगला गेली. कंपनी तेव्हा गाडीचं उत्पादनच बंद करत होती, त्यामुळे चाहत्यांनी वर्गणी काढली. वर्गणीच्या पैशातून जर्मन चालक, टायर, ट्रॅकचं भाडं. वेळ आली ७ मिनिटं १.३ सेकंद. मग एक टायर फुटला, गाडी कठड्यावर गेली, आणि सात मिनिटांचं स्वप्न सव्वा सेकंदावर अडकलं. चालक धडधाकट होता. गाडीला घोडे कमी पडले नाहीत, रबर कमी पडलं.

कॉर्व्हेटची गोष्ट तर शुद्ध सरकारी फायलीची आहे. तिचा मुख्य इंजिनियर झोरा आर्कस-डुंटोव्ह, जन्म ब्रसेल्सचा, आईबाप रशियन. १९५३ मध्ये जनरल मोटर्समध्ये लागला. इंजिन पुढे न ठेवता चालकाच्या मागे, गाडीच्या मध्यावर ठेवा, म्हणजे गाडी वळणं नीट घेईल, असा त्याचा धोशा. १९६० च्या सुमारास त्याने तशी प्रायोगिक गाडी बनवूनही दाखवली. फाइल पुढे गेली. परत आली. पुन्हा गेली. झोरा १९७५ मध्ये निवृत्त झाला, १९९६ मध्ये वारला, आणि मध्यावर इंजिन असलेली कॉर्व्हेट गिऱ्हाइकाला मिळाली २०२० च्या मॉडेलमध्ये. साठ वर्षं! हे वाचून महसूल खात्यातल्या कोणाही माणसाला आपली जागतिक पातळीवर दखल घेतली गेल्याचं समाधान मिळेल. पण फाइल निकाली निघाल्यावर पाच वर्षांत गाडी न्यूरबर्गरिंगवर सात मिनिटांच्या आत आली. वळणं न घेणारी अमेरिकन गाडी हा टोमणा आता युरोपातच जुन्या बाजारात विकत मिळतो.

तिसरा आक्षेप सर्वांत सोपा आणि सर्वांत चिवट. मग एवढे घोडे हवेत कशाला? शिस्तच शिकायची तर दोनशेच्या आतल्या अश्वशक्तीची माझदा मियाटा घ्या, अमेरिकेत ट्रॅकवर तिच्यावरच पिढ्यान्पिढ्या शिकतात. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो मान्य केल्याने माझ्या मुद्द्याला काहीही होत नाही. जास्त ताकदीने काम सोपं होत नाही, ते फक्त महाग होतं. शंभर घोड्यांच्या चुकीला बहुतेक वेळा गवत पुरतं. हजार घोड्यांच्या चुकीला कठडा लागतो. ही गोष्ट कंपनीला चांगली ठाऊक आहे, म्हणून तिने गाडीच्या आत एक अदृश्य हेडक्लार्क बसवला आहे. चालकाने वळणातून बाहेर पडताना उत्साहाने पाय दाबला की संगणक टायरांची शिल्लक तपासतो आणि परवडतील तेवढेच घोडे मंजूर करतो. कौशल्य वाढेल तसं तुम्हाला या देखरेखीच्या वरच्या श्रेणीत जाता येतं, पण मंजुरीची पद्धत तीच. शिवाय कॉर्व्हेटमध्ये गेली दहाहून अधिक वर्षं एक नोंदयंत्र मिळतं, जे प्रत्येक फेरीचं चित्रण करतं आणि कुठे ब्रेक लवकर लावला, कुठे उगाच स्टिअरिंग हलवलं, हे आकड्यांत लिहून ठेवतं. मित्रांना सांगायच्या थापांचं या यंत्राने अतोनात नुकसान केलं आहे. सुरुवातीला त्याला आणखी एक काम दिलं होतं: हॉटेलच्या दारात गाडी लावायला किल्ली दिलेला पोरगा ती कशी चालवतो ते गुपचूप टिपायचं. २०१४ मध्ये कंपनीलाच घाईघाईने मालकांना कळवावं लागलं, की ही सोय सध्या वापरू नका, कारण माणसाला न सांगता त्याचं बोलणं ध्वनिमुद्रित करणं काही राज्यांत बेकायदा ठरू शकतं. चहाडीलाही परवानगी लागते.

राहता राहिला तो माणूस, ज्याच्याकडे सगळे कागद असूनही घोटाळा होतो. ३ जून २०१८ रोजी डेट्रॉइटच्या बेल आइलवर इंडीकारची शर्यत व्हायची होती. शर्यतीआधी सगळ्यांना शांतपणे एक फेरी फिरवून आणणारी गाडी म्हणून त्या वेळची ७५५ अश्वशक्तीची कॉर्व्हेट झेडआर १ निवडली होती आणि ती चालवायला बसला होता जनरल मोटर्सच्या उत्पादन विकास विभागाचा प्रमुख मार्क रॉइस. हौशी पाहुणा नव्हे; इंजिनियर, ट्रॅकवर चाचण्या घेण्याचं प्रशिक्षण घेतलेला माणूस, आणि गाडी त्याच्याच खात्याची. मागे जगातले निवडक शर्यतपटू रांगेत, समोर टेलिव्हिजन, आणि रस्ता कंपनीच्या घरच्या गावातला. दुसऱ्याच वळणाबाहेर पडताना मागची चाकं सुटली आणि गाडी थेट भिंतीवर. शर्यत सुरू व्हायच्या आधीच तिला अपघातामुळे अर्धा तास उशीर झाला. कोणाला लागलं नाही. रॉइसने जाहीर माफी मागितली आणि पुढच्या जानेवारीत तो कंपनीचा अध्यक्ष झाला. २०२४ मध्ये नव्या झेडआर १ चा सर्वोच्च वेग गाठायची वेळ आली तेव्हा चालकाच्या जागेवर पुन्हा तोच बसला आणि त्याने ताशी ३७५ किलोमीटर गाठून दाखवले. ते जर्मनीतल्या पापेनबुर्गच्या चाचणी ट्रॅकवर, जिथे लांबच लांब सरळ पट्टे आहेत, आणि वळणं दोनच, तीही कलती बांधलेली.